संदर्भ वेगांची निवड: सायस्मिक युनिक्स आणि मादागास्कर यांचे एका अंगाने परीक्षण

भूकंपलहरींच्या नोंदींवरून जमिनीखालच्या थरांचे चित्र तयार करण्यासाठी जी मुक्त पॅकेजेस उपलब्ध आहेत, त्यांत सायस्मिक युनिक्स आणि मादागास्कर ही नावे सर्वांत आधी घेतली जातात. पहिले कोलोराडो स्कूल ऑफ माइन्समधील सेंटर फॉर वेव्ह फिनॉमिना या केंद्रात वाढले, तर दुसरे सर्गेई फोमेल यांच्या पुढाकाराने २००६ साली सर्वांसाठी खुले झाले. त्यांच्या एकूण गुणदोषांचा आढावा घेण्याचा येथे हेतू नाही. फूरिये पद्धतीने खोलीत उतरत जाणारे मायग्रेशन (नोंदींतील लहरी जमिनीखालच्या खऱ्या जागी नेऊन चित्र घडवण्याची क्रिया) करताना प्रत्येक पातळीवर जे संदर्भ वेग, म्हणजे गणितासाठी गृहीत धरलेले स्थिर वेग, लागतात, ते ही पॅकेजेस कसे ठरवतात आणि त्या निर्णयात वापरणाऱ्याला किती हात घालू देतात, एवढ्याच बाजूने मी त्यांच्याकडे पाहिले आहे. ही बाजू किरकोळ वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात मिठाच्या घुमटाची कड चित्रात नीट बसली की नाही, याचे उत्तर पुष्कळदा याच निवडीत दडलेले असते आणि परीक्षणे करणारे तिच्याकडे फिरकत नाहीत.

संदर्भ वेगाची गरज का पडते, ते थोडक्यात सांगणे भाग आहे. येनो गाझदाग यांनी १९७८ साली मांडलेल्या फेज-शिफ्ट पद्धतीत तरंगक्षेत्राचे आडव्या दिशेने फूरिये रूपांतर (वेगवेगळ्या तरंगलांबीच्या साध्या लहरींत पृथक्करण) केले जाते आणि एका खोलीवरून पुढच्या खोलीवर जाताना फक्त एका घातांकी पदाने गुणावे लागते. पद्धत अचूक आहे, जलद आहे आणि उभ्या कड्यासारख्या उतारांनाही ती बिचकत नाही. मात्र त्या पातळीवर वेग सर्वत्र सारखा असला पाहिजे, अशी तिची अट आहे. जमीन ही अट पाळत नाही. म्हणून १९८४ साली गाझदाग आणि स्ग्वाझेरो यांनी असा मार्ग काढला की, एकाच पातळीवर दोन किंवा अधिक स्थिर वेग घेऊन तेवढी तरंगक्षेत्रे तयार करावीत आणि प्रत्येक बिंदूवर त्या ठिकाणच्या खऱ्या वेगाच्या अलीकडच्या व पलीकडच्या क्षेत्रांमध्ये अंतर्वेशन करावे, म्हणजे मधली किंमत काढावी. हीच पीएसपीआय (फेज शिफ्ट प्लस इंटरपोलेशन) पद्धत. स्टोफा आणि सहकाऱ्यांनी १९९० साली स्प्लिट-स्टेप पद्धत मांडली. तिच्यात त्या पातळीवरच्या मंदतेची, म्हणजे वेगाच्या व्यस्ताची, सरासरी हाच एकमेव संदर्भ असतो आणि उरलेला फरक उभ्या दिशेच्या वेळ-दुरुस्तीने भरून काढला जातो. पुढे या दोन्हींचा संकर झाला, म्हणजे अनेक संदर्भ वेग घ्यायचे आणि प्रत्येकाभोवती स्प्लिट-स्टेपची दुरुस्ती लावायची. मादागास्करमधील या जातीचे प्रोग्राम याच संकराचे आहेत.

उभ्या दिशेने जाणाऱ्या लहरीसाठी ही दुरुस्ती अगदी बिनचूक असते, त्यामुळे सपाट थरांच्या चित्रात चुकीचा संदर्भ वेग कधी उघडा पडत नाही. तिरप्या लहरींचे गणित वेगळे आहे. समजा, मिठाचा खरा वेग सेकंदाला ४५०० मीटर आहे आणि प्रोग्रामने जवळच्या गाळखडकाचा २६०० हा वेग संदर्भ म्हणून घेतला. मिठातून ४५ अंशांनी जाणाऱ्या लहरीसाठी स्प्लिट-स्टेपचे सूत्र उभ्या दिशेतील कला (फेज) जवळपास २० टक्क्यांनी जास्त मोजते. एक किलोमीटर जाडीच्या मिठातून एका दिशेने जाताना ही चूक सुमारे ३१ मिलिसेकंदांवर पोचते, आणि २५ हर्ट्झच्या लहरीचा पूर्ण आवर्तनकाळच ४० मिलिसेकंदांचा असतो! संदर्भ ४३०० घेतला, तर तीच चूक ४ मिलिसेकंदांवर येते. उलट बाजूची चूक आणखी वाईट असते. गाळखडकाच्या २६०० वेगाच्या भागात ४५०० हा संदर्भ लावला, तर सुमारे ३५ अंशांहून अधिक तिरप्या लहरी त्या संदर्भाच्या दृष्टीने वाहत्या न राहता क्षयी, म्हणजे झपाट्याने विरणाऱ्या, होतात; त्यांची कला चुकते एवढेच नव्हे, तर त्या पुसल्याच जातात. म्हणून जास्तीच्या संदर्भापेक्षा कमीचा संदर्भ परवडतो, असा साधारण संकेत आहे. रिस्टोव्ह आणि र्‍यूल यांनी १९९४ साली मांडलेल्या फूरिये सान्त-अंतर (फायनाइट डिफरन्स) पद्धतीतही त्या पातळीवरचा किमान वेग संदर्भ म्हणून धरण्याची प्रथा आहे, कारण तिथे प्रश्न स्थैर्याचाही असतो.

आता सायस्मिक युनिक्सकडे वळू. या पॅकेजमध्ये शून्य-अंतर नोंदींच्या (लहरीचा स्रोत आणि ग्राहक एकाच जागी धरलेल्या नोंदींच्या) खोली-मायग्रेशनसाठी पीएसपीआयचा, स्प्लिट-स्टेपचा आणि फूरिये सान्त-अंतराचा असे तीन स्वतंत्र प्रोग्राम मिळतात, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. तीनही पद्धती एकाच वेगाच्या फाइलवर, जवळजवळ एकाच आज्ञेत चालवून चित्रे शेजारी-शेजारी ठेवता येतात आणि विद्यार्थ्याला फरक डोळ्यांनी दिसतो. या एका सोयीसाठी मी हे पॅकेज शिकवण्याच्या कामात वरच्या क्रमांकावर ठेवीन. पीएसपीआयच्या प्रोग्रामला खोलीच्या नमुन्यांची संख्या, त्यांच्यातील अंतर आणि वेगाची फाइल एवढेच द्यावे लागते. बाकीच्या बऱ्याच गोष्टी तो नोंदींच्या हेडरमधून उचलतो. मात्र संदर्भ वेग किती आणि कोणते, हे सांगण्यासाठी एकही पॅरामीटर नाही. तो निर्णय कोडच्या पोटात घेतला जातो. नवशिक्याला हे सुटसुटीत वाटेल. ज्याला मिठाच्या कडेचा प्रश्न सोडवायचा आहे, त्याला सी भाषेची फाइल उघडून बसण्यावाचून गत्यंतर नाही.

या प्रोग्रामांच्या बाबतीत एक तपशील जवळून पाहण्यासारखा आहे, कारण त्याचा संदर्भ वेगांशी थेट संबंध येतो. वेगाची फाइल म्हणजे निव्वळ बायनरी दशांश अंकांची रांग असते आणि या तीन प्रोग्रामांना त्या रांगेत आडवी दिशा सर्वांत जलद बदलणारी लागते, म्हणजे आधी पहिल्या खोलीवरचे सर्व बिंदू, मग दुसऱ्या खोलीवरचे, असा क्रम हवा. याच पॅकेजमधील वेगाची प्रतिमाने तयार करणारे बहुतेक प्रोग्राम मात्र खोली जलद ठेवून फाइल लिहितात. दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेले आहे आणि ट्रान्सप हा प्रोग्राम वापरून फाइल फिरवून घ्यावी, असेही सांगितले आहे. पण न फिरवलेली फाइल दिली, तर फाइलचा आकार तोच राहत असल्यामुळे तक्रार करायला कोणी जागेवर नसते. प्रोग्राम ज्याला एक पातळी समजतो, त्या ओळीत प्रत्यक्षात पृष्ठभागापासून तळापर्यंतचे सगळे वेग एकत्र आलेले असतात. त्यामुळे प्रत्येक पातळीवर वेगांचा पल्ला अवाढव्य दिसतो आणि निवडलेले संदर्भ वेग निरर्थक ठरतात. वेगाची फाइल मायग्रेशनला देण्याआधी आडव्या दिशेचे नमुने पहिल्या अक्षावर धरून ती एकदा पडद्यावर उघडून पाहावी, एवढी सवय लावून घेतली की पुढचा मनस्ताप वाचतो.

मादागास्करची प्रकृती याच्या उलट आहे. शून्य-अंतर नोंदींसाठी झोमिग३ आणि शॉटवार (प्रत्येक स्फोटाच्या स्वतंत्र) नोंदींसाठी एसआरमिग३ हे प्रोग्राम वेगाऐवजी मंदतेची फाइल मागतात आणि नोंदी आधीच वारंवारतेच्या क्षेत्रात नेऊन द्याव्या लागतात. सुरुवातीला ही तयारी कटकटीची वाटते. पण संदर्भांच्या निवडीसाठी येथे दोन पॅरामीटर हाताशी असतात: एनआरमॅक्स म्हणजे एका पातळीवर जास्तीत जास्त किती संदर्भ घ्यायचे, आणि डीटीमॅक्स म्हणजे एका पायरीत किती वेळेची चूक चालवून घ्यायची. दुसरा पॅरामीटर मला फार आवडला. वेगातला फरक किती टक्के चालेल, असे विचारण्याऐवजी तो वेळेच्या भाषेत विचारतो, आणि चित्राचे नुकसान शेवटी वेळेच्या चुकीनेच होत असते.

आवडलेल्या याच पॅरामीटरची डीफॉल्ट किंमत मात्र घात करणारी आहे. एनआरमॅक्सचे डीफॉल्ट १ आहे. म्हणजे काही न सांगता प्रोग्राम चालवला, तर साधे स्प्लिट-स्टेप होते. हे निदान लक्षात तरी येते. डीटीमॅक्सचे डीफॉल्ट ०.००४ सेकंद आहे. खोलीची पायरी १० मीटर असेल, तर ही सूट पायरीने भागल्यावर मंदतेतील ०.४ सेकंद प्रति किलोमीटर एवढा फरक दुर्लक्षणीय ठरतो. आता २००० मीटर प्रति सेकंद वेगाच्या गाळखडकाची मंदता ०.५, तर ४५०० वेगाच्या मिठाची ०.२२२ येते. दोन्हींत फरक ०.२७८ इतकाच! म्हणजे प्रोग्रामच्या लेखी गाळखडक आणि मीठ एकाच माळेचे मणी ठरतात, आणि एनआरमॅक्सला ५ द्या किंवा २० द्या, त्या पातळीवर संदर्भ एकच निवडला जातो. आज्ञेत पाच संदर्भ आणि हिशेबात एक: नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशातला हा प्रकार. चूक एका पायरीपुरती मोजली जाते आणि पायऱ्या तर शेकडो असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे ४ मिलिसेकंदांची सूट किती सैल आहे ते कळते. ही किंमत हाताने दहा-वीस पटींनी तरी खाली आणल्याखेरीज हे प्रोग्राम वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

समजा, ती खाली आणली. मग निवड कशी होते? त्या पातळीवरच्या सर्व मंदता चढत्या क्रमाने लावून प्रोग्राम त्यांचे समान वाटे करतो आणि प्रत्येक वाट्याच्या मध्यावरची किंमत संदर्भ म्हणून उचलतो. आधीच्या संदर्भापासून ती पुरेशी दूर नसेल, तर टाकून देतो. पाच संदर्भ मागितले, तर १०, ३०, ५०, ७० आणि ९० टक्क्यांवरच्या किमती तपासल्या जातात. जिथे वेग हळूहळू बदलत जातो, तिथे ही पद्धत उत्तम आहे, कारण जिथे बिंदू जास्त तिथेच संदर्भ जास्त पडतात. मार्मूझी प्रतिमानासारख्या, म्हणजे ९ किलोमीटरांच्या पट्ट्यात अनेक तिरपे थर आणि सेकंदाला १५०० ते ५५०० मीटरांपर्यंतचे वेग दाटीने मांडलेल्या भागात, बहुतेक पातळ्यांवर अशी शततमकांची निवड नेटके काम करील.

मिठाच्या बाबतीत मात्र लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी देण्याचा हा न्याय अंगाशी येतो. एखाद्या पातळीवर ९४ टक्के बिंदू २००० ते २६०० वेगाच्या गाळखडकात आहेत आणि ६ टक्के ४५०० वेगाच्या मिठात आहेत, असे धरा. मिठाची मंदता सर्वांत कमी, म्हणून क्रमवारीत ते पहिल्या ६ टक्क्यांत बसते. पाच संदर्भांपैकी पहिलाच १० टक्क्यांवर पडतो, म्हणजे गाळखडकात. संदर्भ आठ केले, तरी पहिला ६.२५ टक्क्यांवर पडतो आणि मीठ थोडक्यात निसटते. नऊ केल्यावर पहिला ५.५६ टक्क्यांवर येतो आणि मिठाला पहिल्यांदा स्वतःचा संदर्भ मिळतो. तोपर्यंत वर दाखवलेली ३१ मिलिसेकंदांची चूक चालू राहते, आणि तीही नेमकी घुमटाच्या त्या अरुंद माथ्यापाशी किंवा लटकत्या कडेपाशी, जिथे खोदकामाच्या दृष्टीने चित्र सर्वांत महत्त्वाचे असते.

यावर उपाय प्रोग्रामच्या आतच आहे, आणि त्यासाठीच दोन्ही पॅरामीटर एकत्र विचारात घ्यावे लागतात. एनआरमॅक्स मोठा ठेवायचा आणि छाटणीचे काम डीटीमॅक्सवर सोपवायचे. वरच्याच उदाहरणात एनआरमॅक्स १०, डीटीमॅक्स ०.०००३ आणि पायरी १० मीटर घेतली, तर परस्परांपासून ०.०३ सेकंद प्रति किलोमीटरपेक्षा जवळचे संदर्भ गळतात. गाळखडकातील मंदता सारख्या पसरलेल्या असल्या, तर दहापैकी चारच टिकतात: एक मिठात आणि तीन गाळखडकात. खर्चही आटोक्यात राहतो. प्रत्येक वारंवारतेला प्रत्येक पायरीवर एक सुलट रूपांतर आणि जेवढे संदर्भ तेवढी उलट रूपांतरे करावी लागतात, त्यामुळे एका संदर्भाच्या दोन रूपांतरांच्या जागी येथे पाच होतात, अकरा नव्हे. हा फरक त्रिमितीत जाणवतो. एसईजी आणि ईएजीई या भूभौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनांच्या त्रिमितीय मीठ-प्रतिमानात आडव्या दिशांनी ६७६ गुणिले ६७६ बिंदू आणि खोलीला २१० पातळ्या आहेत, आणि हा गुणाकार दर वारंवारतेला नव्याने करायचा असतो.

या निवडीसाठी याहून विचारपूर्वक बेतलेले मार्ग फार पूर्वीच सुचवले गेले आहेत. बगाइनी, बोनोमी आणि पिएरोनी यांनी १९९५ साली वेगांच्या वितरणाची एंट्रॉपी (विखुरलेपणाचे माप) काढून संदर्भांची संख्या त्यावरून ठरवण्याची कल्पना मांडली. वेग n कप्प्यांत सारखे विखुरलेले असतील, तर ही पद्धत n संदर्भ सुचवते आणि सगळे एकाच कप्प्यात असतील तर एक. कल्पना सुबक आहे, पण ९४ आणि ६ टक्के अशा दोन कप्प्यांसाठी तिचे उत्तर १.२५ येते, म्हणजे अल्पसंख्य मिठाकडे तीही काणाडोळा करते, फक्त अधिक सुसंस्कृतपणे. रॉबर्ट क्लॅप यांनी २००४ साली लॉइड यांच्या क्वांटीकरण पद्धतीचा (अनेक किमतींच्या जागी मोजक्या प्रातिनिधिक किमती निवडण्याच्या पद्धतीचा) वापर सुचवला. तिच्यात वेगांचे गट पाडून प्रत्येक गटाचे केंद्र पुनःपुन्हा सरकवले जाते आणि ज्या गटात विचरण, म्हणजे किमतींचा पसारा, जास्त तो फोडला जातो. चुकीला अंतराच्या वर्गाने भार मिळत असल्यामुळे दूरवरचे थोडे बिंदूही आपल्या बाजूला केंद्र ओढून घेतात. माझ्या मते मिठासाठी हाच योग्य न्याय आहे. मादागास्करच्या वरील प्रोग्रामांत तो नाही. पण तिथे संदर्भ निवडण्याचे सगळे काम एका लहानशा, वीस-पंचवीस ओळींच्या फंक्शनमध्ये वेगळे काढून ठेवले आहे आणि मंदतांची यादी घेऊन संदर्भांची यादी परत देणे एवढाच त्याचा करार आहे. सी भाषेची जुजबी ओळख असलेला विद्यार्थी त्या जागी लॉइडची पद्धत बसवू शकतो आणि बाकी कोडला धक्का लागत नाही. पॅकेजच्या रचनेचे श्रेय येथे मोकळेपणाने द्यायला हवे.

दोन्ही पॅकेजेस वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. वेगाचे प्रतिमान मायग्रेशनपूर्वी गुळगुळीत करण्याची अनेकांना सवय असते. किरणांवर आधारित पद्धतींसाठी ती रास्त आहे. येथे तिचा परिणाम असा होतो की, २६०० आणि ४५०० यांच्यामधली जी पोकळी होती, ती कडेच्या दोन्ही बाजूंना तयार झालेल्या कृत्रिम मधल्या वेगांनी भरते आणि जमिनीत कुठेही नसलेल्या ३२०० किंवा ३८०० अशा वेगांना संदर्भाचा मान मिळतो. कड तीक्ष्ण ठेवून गाळखडक तेवढे गुळगुळीत केले, तर तेच संदर्भ कामी येतात.

ज्यांच्या भागात वेग आडव्या दिशेने सावकाश बदलतो आणि ज्यांना पद्धतींची तुलना शिकायची आहे, त्यांनी सायस्मिक युनिक्स घ्यावे. तिथे निवड हाती नसल्याचे फारसे नुकसान नाही. मीठ, ज्वालामुखीजन्य खडक किंवा समुद्रतळाचे तीव्र उतार असतील, तर मादागास्कर घ्यावे, डीटीमॅक्स हाताने ठरवावा आणि मिठाचा वाटा f असेल तर एनआरमॅक्स १/(२f) पेक्षा मोठा ठेवावा. त्या पॅकेजमध्ये कामाच्या सर्व आज्ञा एकाच स्क्रिप्टमध्ये राहत असल्यामुळे, कोणत्या चित्रासाठी कोणती किंमत वापरली होती, हे वर्षभरानंतरही तपासता येते. मात्र मिठाची कड उभी होऊन उलटी वळली असेल आणि तिच्यावर पडणाऱ्या लहरी खालून वर वळून येत असतील, तर कितीही संदर्भ वेग घेतले तरी एका दिशेने खाली उतरणाऱ्या या पद्धतींना त्या लहरी दिसतच नाहीत. तिथे संदर्भ वेगाची गरजच नसलेल्या, लहरी काळात उलट चालवणाऱ्या रिव्हर्स-टाइम मायग्रेशनचा खर्च सोसावा लागतो.